विहीणबाईंचा नियम

हेमाचं लग्न झालं त्या वर्षी द्रौपदीबाईंनी दूध सोडलं. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नाही, कुठला नवस म्हणून नाही. लेकीच्या सासरी दूध चालत नाही, तूप चालत नाही, दही, लोणी, मध काहीच चालत नाही, तर ते लोक जेवतात तरी काय, हे आपल्याला कळायला हवं, एवढ्यासाठी सोडलं. सकाळचा चहासुद्धा त्या कोरा घ्यायला लागल्या आणि बाबूरावांपुढेही तसाच ठेवू लागल्या.

बाबूराव रामटेके कानपूर रोडला, सरोजिनी नगरच्या बाजूला, स्कूटरच्या सरकारी कारखान्यात नोकरीला होते. कारखाना नुकता उभा राहत होता तेव्हाच ते नागपूर सोडून लखनौला आले. हेमा तेव्हा प्राथमिक शाळेत होती. बघता बघता ती इथलीच होऊन गेली. आईने मराठीत विचारायचं आणि लेकीने हिंदीत उत्तर द्यायचं, असं त्या क्वार्टरमध्ये चालायचं. बी. कॉम. झाली, परीक्षा देऊन हजरतगंजातल्या एका बँकेत लागली, आणि तिथेच तिला गजेंद्र भेटला.

गजेंद्र चौकातला, म्हणजे लखनौच्या जुन्या वस्तीतला. घराणं जुनं, चिकनच्या भरतकामाचा पिढीजात व्यापार. घरच्यांनी आधी नाही म्हटलं, मुलगा हट्टाला पेटला तेव्हा हो म्हटलं. लग्न कोर्टात झालं. दोन्हीकडची मोजकी माणसं आली, हार घातले, फोटो काढले आणि आपापल्या घरी गेली. द्रौपदीबाईंना वाटलं होतं, बुद्धवंदना तरी होईल, कॉलनीतली माणसं तरी जेवतील. हेमा म्हणाली, “आई, छोड़ो ना. नंतर करू.” ते नंतर काही आलं नाही.

होळी झाल्यावर गजेंद्रची आई, सरलादेवी, पहिल्यांदा क्वार्टरवर आल्या. बरोबर हेमा आणि गजेंद्र. विहीणबाई पहिल्यांदा घरी येणार म्हणून द्रौपदीबाईंनी आदल्या दिवसापासून कंबर कसली होती. पुरण घातलं, पाटोडीचा रस्सा केला, वडाभात केला, वर दुधाची खीर. त्या लोकांचं जेवण शाकाहारी आहे हे माहीत होतं, म्हणून आठवडाभर घरात अंडंसुद्धा आणलं नव्हतं. पोळीवर घालायला साजूक तूप घरी कढवलं होतं.

सरलादेवी गोऱ्या, उंच, बोलायला अतिशय गोड. घर नीटनेटकं आहे म्हणाल्या, पडद्यांचं कौतुक केलं, हेमाच्या स्वभावाचं कौतुक केलं. द्रौपदीबाईंना त्या ‘बहनजी’ म्हणत होत्या. इकडच्या रीतीने विहिणीला ‘समधिन’ म्हणतात, हे द्रौपदीबाईंना माहीत होतं, पण बहनजीही काही वाईट नव्हतं. ताटं वाढायला घेतली तेव्हा सरलादेवींनी हात जोडले. आज काही घेता येणार नाही, म्हणाल्या, तुम्ही एवढे कष्ट घेतले, आम्हीच अभागी. द्रौपदीबाईंनी सरबत पुढे केलं, तेही नाही. मग पाण्याचा पेला. सरलादेवींनी तो हातात घेतला, बोलता बोलता टीपॉयवर ठेवला आणि जाईपर्यंत तो तसाच भरलेला राहिला. आईने ताटाला हात लावला नाही म्हणून गजेंद्रही घड्याळाकडे बघत उठला.

द्रौपदीबाई स्वयंपाकघरात झाकणं घालत होत्या तेव्हा हेमा मागे येऊन उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता. ती हळूच म्हणाली, “आई, मी सांगायला विसरले. त्यांचा नियम आहे. जनावरापासून आलेलं काहीच घेत नाहीत. दूध नाही, तूप नाही, काही नाही. ज्या घरात ते शिजतं तिथलंही घेत नाहीत.”

“आधी सांगायचंस ना,” द्रौपदीबाई म्हणाल्या. त्यांना अपमान वाटला नाही, उलट लाज वाटली. लेकीच्या सासरची रीत विचारून घेणं हे आपलं काम होतं, आणि आपण मूर्खासारखी दुधाची खीर करून बसलो.

पाहुणे गेले. बाबूराव खुर्चीतून उठले. त्यांनी टीपॉयवरचा पेला उचलला, बाहेर जाऊन मोगऱ्याच्या कुंडीत ओतला आणि आत येऊन विचारलं, “पाणीसुद्धा जनावराचं असतं काय?”

द्रौपदीबाई त्यांच्यावर चिडल्या. तुम्हाला सगळीकडे तेच दिसतं, म्हणाल्या. गाव सोडून जन्म झाला, दीक्षा घेऊन जन्म झाला, तरी तुमच्या डोळ्यांवरचं ते जात नाही. माणसांना त्यांचा एखादा नियम असू शकत नाही का? बाबूराव पेला विसळायला मोरीकडे गेले. लहानपणी विहिरीवर लांब उभं राहून कुणीतरी ओंजळीत पाणी ओतायची वाट बघितलेला माणूस होता तो. असल्या बाबतीत वाद घालायचा त्यांना कंटाळा होता.

कॉलनीत गीताबाई म्हणून एक मराठी बाई राहत. त्यांच्या नवऱ्याला संधिवात होता आणि निसर्गोपचाराचं वेड लागलं होतं. त्यांच्याकडून द्रौपदीबाईंना कळलं, की हजरतगंजातून नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक मोठं दुकान निघालंय, प्राकृतिक आहार भवन नावाचं, आणि तिथे दुधातुपाचं काही विकतच नाहीत. दुसऱ्या दिवशी बाबूराव कामावर गेल्याबरोबर द्रौपदीबाई बसने चारबागला आल्या, तिथून टेम्पोने हजरतगंजात उतरल्या आणि विचारत विचारत दुकानासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

एवढं मोठं दुकान त्यांनी पाहिलं नव्हतं. पूर्वी तिथे फर्निचरची शोरूम होती म्हणे. बाहेर मोटारी उभ्या होत्या. दारावरच हिंदीत लिहिलं होतं, की या वास्तूत मांस, अंडे, दूध, घी आणि शहद आणण्यास मनाई आहे. आत गेलं की भरडलेल्या धान्याचा आणि उदबत्तीचा वास. गल्ल्याशी उभं राहून ‘अर्धा किलो द्या’ म्हणायचं नव्हतं. दाराशी वेताची टोपली घ्यायची आणि मांडण्यांमधून आपणच फिरत हवं ते उचलायचं. हातसडीचा तांदूळ, न गाळलेलं घाण्याचं तेल, बिनसल्फरची साखर, काळा गूळ, सातू, मोड आलेली कडधान्यं, जवस, सोयाबीनचं दूध बाटल्यांतून, शेंगदाण्याचं दही मातीच्या कुल्हडांतून. जवसाचं पाकीट हातात घेऊन द्रौपदीबाई थबकल्या. त्यांच्या आईकडे गरिबीचं कालवण म्हणून जवसाची चटणी असायची. इथे तोच जवस सोनेरी कागदात बांधून ठेवला होता, आणि उंच टाचांच्या बायका तो एकमेकींना दाखवत होत्या.

द्रौपदीबाई टोपली पोटाशी धरून भिंतीच्या कडेकडेने फिरत राहिल्या. कुणी हटकेल असं वाटत होतं. हटकलं नाही, पण खादीचा सदरा घातलेला एक गृहस्थ जवळ आला आणि त्यांच्या लुगड्याकडे बघून मराठीतच म्हणाला, “महाराष्ट्रातल्या का?” तो दुकानाचा व्यवस्थापक, चंद्रकांत. पुण्याकडच्या एका आश्रमात शिकून इकडे आला होता. कुठल्या, नाव काय, त्याने हौसेने विचारलं. रामटेके, नागपूरकडचे, असं द्रौपदीबाईंनी सांगितलं. चंद्रकांत क्षणभर थांबला, “अच्छा,” म्हणाला, आणि मग पूर्वीच्याच सभ्यपणाने पण थोड्या कमी हौसेने माहिती देऊ लागला. द्रौपदीबाईंना तो थांबणं कळलं. तसलं थांबणं त्या आयुष्यभर ओळखत आल्या होत्या. पण त्याने शेंगदाण्याचं दूध कसं काढायचं ते नीट सांगितलं, तिळाची खीर फुटू नये म्हणून काय करायचं ते सांगितलं, आणि त्यांना तेवढंच हवं होतं.

त्यानंतर त्या वरचेवर जाऊ लागल्या. घरात नवी भांडी आली, ती वेगळ्या फळीवर लागली. बाबूरावांना त्यांचं मटण महिन्यातून एकदा मिळायचं, तेही आता अंगणात स्टोव्ह ठेवून स्वतः शिजवावं लागे. द्रौपदीबाईंनी तुपाशिवाय लाडू वळायला शिकून घेतलं, शेंगदाण्याच्या दह्याची कढी जमवली, पुरणपोळीला तिळाचं तेल लावून पाहिलं. पहिल्या पहिल्यांदा सगळं बिघडे. मग हात बसला. जमलेला पदार्थ स्टीलच्या डब्यात भरून त्या हजरतगंजला जायच्या आणि बँकेच्या जेवणाच्या सुट्टीत हेमाच्या हातात द्यायच्या. तुझ्या सासूबाईंना दे, सांग की आईने नव्या भांड्यात, अंघोळ करून केलंय, सगळं त्या दुकानातून आणलेलं आहे.

हेमाने पहिला डबा घेतला तेव्हा ती आईकडे बघतच राहिली. “इतना सब क्यों करती हो, आई?” म्हणाली. पण डबा घेतला. दोन दिवसांनी घासून परत दिला आणि सांगितलं, सगळ्यांना आवडलं. द्रौपदीबाई हरखल्या. कॉलनीत सांगू लागल्या, आमच्या विहीणबाईंना माझ्या हातचे लाडू आवडतात, फार कडक आहेत त्या खाण्याच्या बाबतीत, पण माझं खातात. बाबूराव हे ऐकायचे आणि पेपर तोंडासमोर धरायचे.

पावसाळ्याच्या शेवटी हेमाला दिवस गेल्याचं कळलं. द्रौपदीबाईंच्या मनाने तेव्हाच घेतलं, की सातव्यात डोहाळजेवण इथे, आपल्या क्वार्टरवर करायचं, सरलादेवींना सन्मानाने बोलवायचं, आणि पंगतीत एक पदार्थ असा ठेवायचा नाही ज्याला त्यांना नाही म्हणता येईल. त्यांनी हेमाला विचारलं. हेमा म्हणाली, बघू. पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाली, सध्या त्यांच्याकडे सुतक आहे. नंतर म्हणाली, थंडी फार आहे, इतक्या लांब नको. द्रौपदीबाईंनी थंडीवर उपाय काढला, दुपारी उन्हात अंगणातच मांडव घालू म्हणाल्या. हेमाने त्यावर काही उत्तर दिलं नाही, म्हणून त्यांनी ते होकारात धरलं.

जानेवारीतल्या एका सकाळी, धुकं विरता विरता, त्या मोठी खरेदी करायला निघाल्या. बाबूरावांनी विचारलं, तारीख ठरली का? आधी सामान तर येऊ दे, म्हणाल्या. दुकानात त्या आता सरावल्या होत्या. टोपली घेऊन सरळ आत गेल्या, तांदूळ घेतला, तीळ घेतले, सुकं खोबरं, खजूर, सोयाबीनच्या दुधाच्या बाटल्या. हेमाला लहानपणी आवडायची म्हणून वाळवलेली बोरं घेतली. टोपली जड झाली तशी ती जमिनीवर ठेवून त्या दमल्या हाताने खांदा चोळत होत्या, आणि समोर पलीकडच्या मांडणीशी सरलादेवी उभ्या दिसल्या.

सरलादेवींच्या बरोबर त्यांची एक नातेवाईक बाई होती. तिला कातडीचा काही आजार होता, वैद्याने इथलं खाणं सांगितलं होतं, तिला सोबत म्हणून त्या आल्या होत्या. दुकान त्यांनाही नवीनच दिसत होतं. पाकिटं उचलून उलटसुलट करत होत्या. द्रौपदीबाईंना आधी नवल वाटलं, की एवढ्या नियमाच्या बाईला हे दुकान ठाऊक नाही कसं. मग वाटलं, घरचे नोकर आणत असतील. त्या लगबगीने पुढे झाल्या, नमस्कार केला.

सरलादेवींनी ओळखायला थोडा वेळ घेतला, पण ओळख पटताच हसल्या, बहनजी, आप यहाँ, म्हणाल्या, प्रकृती विचारली. द्रौपदीबाईंचं हिंदी नागपूरचं, मेरेको-तेरेको असलं, लखनौच्या माणसांना त्याचं हसू यायचं. तरी त्या भरभरून बोलू लागल्या. त्यांनी टोपली उचलून दाखवली. हे सगळं तुमच्यासाठीच आहे, म्हणाल्या, तुमच्या नियमाचं. दूध नाही, तूप नाही. डोहाळजेवणाला यायचं नक्की करा, आता काही अडचण उरली नाही.

“कौन सा नियम?” सरलादेवींनी विचारलं.

द्रौपदीबाईंनी पुन्हा सांगितलं, तुमच्या घरी दूध-तूप चालत नाही ना, तो नियम. सरलादेवींच्या नातेवाईक बाईला हसू फुटलं. सरलादेवीही हसल्या, कुणीतरी गंमत सांगितल्यासारख्या. आमच्या घरी, म्हणाल्या, थंडीच्या दिवसांत गल्लीतून मक्खन-मलाई आली नाही तर गजेंद्रचे वडील दिवसभर कुणाशी बोलत नाहीत. हेमा स्वतः रात्री केशर घातलेलं दूध पिते, पोटात बाळ आहे, प्यायलाच हवं. तुम्हाला हे कुणी सांगितलं?

द्रौपदीबाई म्हणाल्या, “हेमाने.” आणि मग, अजूनही काहीतरी सावरता येईल अशा आशेने, त्यांनी लाडूंचं विचारलं. मी डबे पाठवत होते, लाडू, कढी, पोळ्या. तुम्हाला आवडले म्हणाली.

“कौन से डिब्बे, बहनजी?” सरलादेवी म्हणाल्या, आणि म्हणता म्हणताच त्यांना सगळं कळलं. ते त्यांच्या तोंडावर दिसलं. हसू हळूहळू आत गेलं. त्यांनी नातेवाईक बाईला पुढे जायला सांगितलं, आवाज खाली आणला, आणि अतिशय मायेने, एखाद्या आजारी माणसाशी बोलावं तशा बोलल्या. मुलगी हुशार आहे, म्हणाल्या. तिने जे केलं ते विचार करूनच केलं असेल. माझ्या सासूबाई अजून आहेत, जुन्या वळणाच्या, घरात देवघर आहे, आम्हालाही चार लोकांत राहायचं असतं. तुम्हाला समोरासमोर काही म्हणायची वेळ आमच्यावर आली नाही, तुमच्यावर ऐकायची आली नाही. “सबका मान रह गया.”

द्रौपदीबाईंनी टोपली खाली ठेवली. जाता जाता सरलादेवींनी आणखी एक गोष्ट सांगून टाकली, की डोहाळजेवणाची आता तसदी घेऊ नका, त्यांच्याकडची गोदभराई होऊन गेली, संक्रांतीच्या आधीच, मोजक्याच बायका होत्या. मग हात जोडून त्या मांडण्यांच्या पलीकडे गेल्या.

द्रौपदीबाई तिथेच उभ्या होत्या. मग त्यांनी टोपली उचलली आणि एकेक वस्तू जिथून घेतली होती तिथे परत ठेवायला सुरुवात केली. बाटल्या बाटल्यांत, तांदूळ तांदळात. चंद्रकांतने पाहिलं आणि विचारलं, काही चुकलं का, माल खराब निघाला का. त्या म्हणाल्या, “माल चांगला आहे. खाणारं कुणी नाही.” रिकामी टोपली त्यांनी दाराशी बाकीच्या टोपल्यांत घातली आणि बाहेर पडल्या.

बँक तिथून फार लांब नव्हती. रस्ता ओलांडताना एका रिक्षावाल्याने त्यांना शिवी दिली, ती त्यांच्या कानावर पडली नाही. हेमा काउंटरवर होती. आईला पाहून ती उठली, आणि आईच्या हातात डबा नाही हे तिच्या लक्षात आलं. तिने शेजारणीला काउंटर सांभाळायला सांगितलं आणि आईला मागच्या व्हरांड्यात नेलं. तिथे जुन्या खुर्च्यांची रास होती. पोट सांभाळत हेमा त्यातल्या एकीवर बसली. द्रौपदीबाई उभ्याच राहिल्या.

“तुझी सासू भेटली,” त्या म्हणाल्या. “आहार भवनात.”

हेमाने डोळे मिटून घेतले. मग खालच्या आवाजात म्हणाली, “उन्होंने कुछ नहीं कहा था, आई. त्या दिवशी त्या नुसत्या पाणी प्यायल्या नाहीत. तू झाकणं घालत होतीस. तुला काहीतरी सांगणं भाग होतं. जे सुचलं ते मी बोलले.”

“खरं सांगायचं होतंस.”

“खरं सांगितलं असतं तर बाबांनी पुन्हा त्या घराचं नाव घेतलं नसतं. तूही नसतं घेतलंस. मला दोन्ही घरं हवी होती.” ती आता मराठीतच बोलत होती, लहानपणी बोलायची तसं, अडखळत. “मला वाटलं, तू म्हणशील, असले कसले नियम, आणि सोडून देशील. तू दुकानच शोधून काढशील हे मला काय माहीत?”

डबे कुठे जात होते, ते द्रौपदीबाईंनी विचारलं. बँकेतले लोक खायचे, हेमा म्हणाली, कधी शिपाई घरी न्यायचा. सगळे नावाजायचे, ते काही खोटं नव्हतं. गोदभराईचंही तिने कबूल केलं. बोलवायचा विषयच निघाला नाही, म्हणाली, आणि तिनेही काढला नाही.

“तुझ्या सासूने पाणी नाकारलं, ते मी समजू शकते,” द्रौपदीबाई म्हणाल्या. “तिला तसं शिकवलंय. तुला आम्ही काय शिकवलं होतं? एवढे महिने मी बाजारभर फिरून त्यांना चालेल असं अन्न शोधत होते. अन्नात काहीच नव्हतं गं. ज्यात होतं ते मी कुठल्या दुकानातून बदलून आणू?”

हेमा रडायला लागली. द्रौपदीबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवावा असं वाटलं, पोटुशी पोर, पण हात उठला नाही. रडणं थांबल्यावर हेमाने नाक पुसलं आणि एक विनंती केली. बाबांना सांगू नकोस. आणि आता जसं चाललंय तसंच चालू दे, वाटल्यास डबे बंद कर. सासूबाईही कुणाला बोलणार नाहीत. द्रौपदीबाई म्हणाल्या, “तुझे बाबा पहिल्या दिवशीच ओळखून बसलेत. सांगायचं राहिलं होतं ते मला.” आणि त्या निघाल्या.

घरी आल्यावर त्यांनी काही सांगितलं नाही आणि बाबूरावांनी विचारलं नाही. वेगळ्या फळीवरची भांडी त्यांनी उतरवली आणि बाकीच्या भांड्यांत मिसळून टाकली. गीताबाईंनी डोहाळजेवणाचं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, तिकडेच झालं, थाटात झालं. खोटं बोलणं किती सोपं असतं हे तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळलं, आणि लेकीवरचा राग त्याने कमी न होता वाढलाच.

होळीच्या सुमारास एका दुपारी गजेंद्र एकटाच स्कूटरवरून आला. मुलगी झाली होती. बाळ-बाळंतीण सुखरूप होती, अजून हॉस्पिटलमध्येच होती. त्याने पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला, वाकून दोघांच्या पाया पडला आणि मान खाली घालून बसून राहिला. मग म्हणाला, की त्याला हे सगळं कालच कळलं, हेमाने हॉस्पिटलात सांगितलं. त्याला काही ठाऊक नव्हतं. आई त्या दिवशी जेवली नाही ते उपासामुळे, असंच तो समजत होता.

द्रौपदीबाई म्हणाल्या, “तुम्हाला ठाऊक नव्हतं, कारण ठाऊक करून घ्यायची तुम्हाला कधी गरज पडली नाही.” हे त्यांनी मराठीत म्हटलं. गजेंद्रला किती समजलं कोण जाणे, पण त्याची मान आणखी खाली गेली. थोड्या वेळाने त्याने विचारलं, मला जेवायला वाढाल का?

घरात त्या दिवशी अंड्याचा रस्सा होता आणि भात होता. द्रौपदीबाईंनी ते स्पष्ट सांगितलं. चालेल, तो म्हणाला, बाहेर मित्रांबरोबर मी खातो. त्या वाढत गेल्या आणि तो खात गेला. मनापासून खाल्लं त्याने, भात दुसऱ्यांदा मागितला, तिखटाने नाक पुसत पुसत पाण्याचे दोन पेले संपवले. बाबूराव समोर बसून बघत होते. याच दिवसासाठी आपण वर्षभर जीव टाकला होता, असं द्रौपदीबाईंच्या मनात आलं. पण आत काहीच हललं नाही. परक्या भुकेल्या माणसाला वाढावं तसं त्यांनी त्याला वाढलं.

हात धुऊन तो निघाला. दाराशी स्कूटरची किल्ली हातात फिरवत तो घुटमळला. चांगला मुलगा होता, त्याला लाज वाटत होती, तरीही त्याने ते म्हटलंच. “मम्मी से मत कहिएगा, कि मैंने यहाँ खाया.”

“नाही सांगणार,” द्रौपदीबाई म्हणाल्या.

स्कूटर कॉलनीच्या फाटकातून बाहेर गेली. बाबूरावांनी पुड्यातला एक पेढा उचलला, बायकोला दिला, एक स्वतः घेतला. नातीच्या नावाचा होता, नाही म्हणता येत नव्हतं. मग त्यांनी विचारलं, बाळाला बघायला केव्हा जायचं, बारशाला चौकात बोलावतात का ते बघायचं का.

“त्याची वाट कशाला बघायची?” द्रौपदीबाई उठून लुगडं नीट करत म्हणाल्या. “आत्ताच जाऊ. हॉस्पिटलात आहे तोवर बघून घेऊ. तिथे कुणालाही जाता येतं.”